पंचफुलेचा ओठ

रिठदच्या बबनरावाची लेक पंचफुला जन्मली तीच वरचा ओठ फाटलेला घेऊन. गावानं लगेच निवाडा देऊन टाकला: गोजराबाईनं पोटुशी असताना ग्रहणात विळी धरली. बिचारीनं धरली नव्हती, पण गावाशी वाद घालून कोणाचं भलं झालंय? बबनरावानं वाद घातला नाही. त्यानं पोरीला शिकवलं, की घरात काय बोलायचं ते बोल, परक्यासमोर तोंड उघडायचं नाही. पोर गुणाची, शिकली. लुगडं नेसायला लागली तसा पदर ओठावरून हलेना. कोणी चौकशी केली की बबनराव म्हणायचा, "लाजते जी ते." लाजत होता बाप, अन् नाव लेकीचं!

अशात शेलूबाजारच्या उकंडरावाच्या घरचं स्थळ आलं. घर खातंपितं, पोरगा एकुलता एक. दिवाळी झाली की मंडळी पोर पाहायला येणार होती. बबनरावानं मध्यस्थाला छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की पोरीत काही खोट नाही. आता आली का पंचाईत! मग कोणीतरी कानावर घातलं, वाशीमला नवा डॉक्टर आलाय, फाटले ओठ शिवतो. बबनरावानं दुसऱ्याच दिवशी दमणीला बैल जुंपले.

डॉक्टर होता घाटाकडचा, हाडकुळा, तुटक बोलणारा. त्यानं पंचफुलेला उजेडात बसवलं, ओठ नीट पाहिला, अन् मग सांगायला बसला. हा माणूस सुरी कमी अन् जीभ जास्त चालवतो, असं बबनरावाला वाटून गेलं.

"ओठ जुळेल," डॉक्टर म्हणाला. "पण वण राहील, जन्मभर. थोडा वाकडाही राहू शकतो. बोलणं लगेच साफ होईल असं समजू नका. आधी सूज येईल, पातळ खावं लागेल. झोपेचं औषध हुंगवावं लागतं, त्यात क्वचित जीवही जातो. घरी जा, विचार करा, पुढच्या आठवड्यात या. येताना पोट रिकामं हवं. पाण्याचा घोटसुद्धा नको."

"विचार कायचा करायचा जी? आजच शिवून टाका ना."

"ओठ तुमचा आहे का?"

बाजूला बाटल्या पुसत उभा असलेला कंपाउंडर हेमसिंग फिसकन हसला. बबनरावाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. डॉक्टरनं पंचफुलेकडे वळून विचारलं, "तुला करून घ्यायचंय का?"

"व्हय जी, तिले करायचंच हाये," बबनराव म्हणाला.

"मी तिला विचारलं."

पंचफुलेनं बापाकडे पाहिलं अन् मान हलवली. डॉक्टरचं त्यानं समाधान झालं नव्हतं, हे दिसतच होतं. पण मान तर हलली होती.

आठवड्यानं निघायची वेळ आली, अन् गोजराबाईनं काय करावं? रिकाम्या पोटाचा तिनं आपल्या हिशोबानं अर्थ लावला: उपास. अन् उपासाला काय चालते हे काय वाशीमच्या डॉक्टरनं तिला शिकवावं? तिनं पहाटे उठून भगर शिजवली, वर दही घातलं, अन् ताटली लेकीपुढं ठेवली. "अन्नाचा कण नाई त्याच्यात," ती म्हणाली. "उपाशी लेक कोणी उंबऱ्याभाईर काढते काय वो?"

पाण्याचा घोटसुद्धा नको, हे बबनरावाला आठवत होतं. अगदी लख्ख आठवत होतं. पण उपासाची भगर म्हणजे का जेवण झालं? शिवाय पोरीचं तोंड भीतीनं एवढंसं झालेलं. "खाय माय," तो म्हणाला. "घासभर खाय." पंचफुलेनं ताटली पुसून खाल्ली. लहानपणापासून बाप म्हणेल ते करायची सवय.

दवाखान्यात पोचल्याबरोबर डॉक्टरनं पहिला प्रश्न तोच टाकला. "काही खाल्लं?"

"काई नाई जी. कडकडीत उपास हाये."

"नक्की? पुन्हा विचारतो त्याचं कारण आहे. औषधाच्या गुंगीत पोटातलं वर येतं आणि श्वासात जातं. माणूस जागच्या जागी गुदमरतो. मागे एकाला घरच्यांनी मायेनं दूध पाजलं आणि माझ्यापासून लपवलं. माझ्या हातांवर गेला तो."

बबनराव सांगायला म्हणून पुढं झाला, अन् थबकला. आत्ताच तर कडकडीत म्हणून बसलो! समोर तोच हेमसिंग उभा. अन् आज परत गेलो तर हा डॉक्टर, मागच्या खेपेलाच म्हणाला होता तसा, महिनाभर दौऱ्यावर जाणार, दिवाळी उलटणार, उकंडराव येऊन पोरीचा ओठ जसाच्या तसा पाहणार. घासभर भगर ती काय, वाटेतल्या धक्क्यांनी केव्हाच जिरली असेल. असं त्यानं मनाला समजावलं. मन काही समजलं नाही, पण तोंड बंद राहिलं, अन् हेमसिंग पोरीला आत घेऊन गेला.

बबनराव दाराशी उभा राहिला. पंचफुला टेबलावर आडवी झाली. हेमसिंगनं बाटलीचं बूच काढलं तसा तो उग्र गोडसर वास बाहेरपर्यंत आला. बोल, बबनराव, बोल! लेक आहे ती तुझी. पण लाजेपोटी तो चौकट धरून तसाच उभा राहिला.

डॉक्टरनं कापडाची जाळी तिच्या नाकाशी आणली, अन् पंचफुलेनं हातानं ती बाजूला सारली. पदर केव्हाच गळून पडला होता. परक्या माणसांसमोर, उघड्या फाटक्या ओठानं, ती बोलली. "म्या खाल्लं जी. भगर खाल्ली."

डॉक्टर एकदम भडकला. "पोरी, मरायला आली होतीस का? आणि तुझा बाप तर..."

"आबाले ठाऊक नाई," पंचफुला म्हणाली. "म्या चोरून खाल्लं."

डॉक्टर बाहेर आला तो घामानं निथळत. "आज काही होणार नाही," तो म्हणाला. "तुमचा दोष नाही, बबनराव. तुम्ही बिचारे खरं बोललात. पोरीनंच दगा दिला."

अन् बबनरावानं मान हलवली. आता बोला! बाप म्हणवणाऱ्या माणसानं मान हलवली, अन् वरून "पोरंच ते," असंही म्हणाला.

बाहेर लिंबाखाली दमणी उभी होती. पंचफुलेनं पदर सारखा केला, शिदोरी सोडली, अन् अर्धी भाकर त्याच्यापुढं धरली. "तुमी सकायपासून उपाशीच, आबा. खा."

खरंच, भगरीला त्यानं हात लावला नव्हता, घाईत राहूनच गेलं होतं. त्यानं तुकडा मोडला, तोंडात घातला, पण तो काही केल्या खाली उतरेना. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. तो तसाच उठला अन् तरातरा दवाखान्यात शिरला. हेमसिंग होता, बाहेरचे दोन-चार रोगी होते. सगळ्यांदेखत तो म्हणाला, "पोर लबाड बोलली जी. म्याच खाय म्हनलं तिले. तुमी इचारलं तवा म्या खोटं सांगतलं. मंग बी गप राह्यलो."

कोणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं. "ठीक," डॉक्टर म्हणाला. "आता तुम्हाला काही विचारणार नाही. पोरीला आत पाठवा, एकटीला. तुम्ही बाहेर बसा."

बबनराव पडद्याबाहेरच्या बाकावर बसला. आतून पंचफुलेचा आवाज आला, दबका, गेंगाणा, हळूहळू मोकळा होत गेलेला. किती दुखन? वण केवढा राहीन? जीव जाते म्हनता तं किती जनाईचा गेला? अन् नाईच केलं तं चालते काय? डॉक्टर एकेक उत्तर देत होता. नाही केलं तरी चालतं, म्हणाला. इतकं सारं पोरीच्या मनात होतं, अन् सगळं आयुष्य एका घरात काढून बबनरावानं त्यातलं एक अक्षर ऐकलं नव्हतं.

"अजून काही?" डॉक्टरनं विचारलं.

पंचफुला म्हणाली, "ओठ शिवल्यावर आबा मले संगं नेतीन काय जी? जत्रेत, लग्नात? चारचौघांत?"

"ते मी कसं सांगू? तुझा बाप बाहेरच बसलाय. त्यालाच विचार की."

"नोका जी," ती घाईघाईनं म्हणाली. "त्याईले नोका इचारू. त्याईले लाज वाटन."