बपेऱ्यानं सोडलेला पहिला नंबर

मी एक जुना, लांबुळका, चामड्याचा चेंडू आहे. हसू नका, मित्रांनो! गोल चेंडू सरळ जातो. मी टप्पा पडल्यावर कुठं उसळेन, ते माझं मलाच ठाऊक नसतं. पण ऑस्ट्रेलियन फुटबॉल नावाचा खेळ माझ्यावाचून होत नाही.

जालंधरच्या एका कारखान्यात चामड्याचे चार तुकडे शिवून माझा जन्म झाला. तिथून मी थेट तुमसर तालुक्यातल्या बपेरा गावी, मुलींच्या संघात आलो. वासुदेवराव गुरुजींनी तो संघ उभा केला होता आणि मोना त्याची कर्णधार होती. लाथा खाऊन कुणी सुखी होतं का? मी झालो!

पण आमचा संघ दोन वर्षं शेवटी राहिला. तिसऱ्यांदा शेवटी आलात तर स्पर्धेतून बाद, असं स्पर्धेतल्या चारही गावांनी ठरवलं होतं. नव्या मुली संघांनी नंबरानं निवडायच्या आणि शेवटी राहिलेल्या संघानं सर्वांत आधी निवडायचं, हाही नियमच. म्हणजे पहिला नंबर आमचा! साऱ्या गावाला नव्या मुलींतली मेघा हवी होती. चाचणीत तिची लाथ बसली की मी गोलाच्या बांबूंमधून थेट पलीकडच्या बोडीत, पाण्यात पडायचो.

निवडीच्या सकाळी मोना संघाची यादी घेऊन अंगणात बसली होती. तिची आई आनंदाबाई ही धानाच्या रोवणीला जाणाऱ्या बायांची म्होरकी. तिनं विचारलं, "गोल मारनाऱ्या पोरी किती तुयाजवळ?"

"पाच."

"अन् मागं राखनाऱ्या?"

"एकच."

"मंग सहावी कायले पायजे? रोवन्याले साऱ्या रोवनाऱ्याच बाया नेऊन चालते का? पऱ्ह्याची रोपं खोदनाऱ्या बी लागतेत. नाही त रोवाले पऱ्हे येतीन कुठून?"

मोना खाडकन उठली. निवड चालली होती त्या शाळेच्या व्हरांड्यात जाऊन तिनं आमचा पहिला नंबर नाकाडोंगरीच्या संघाला देऊन टाकला आणि बदल्यात त्यांचे दोन नंबर घेतले.

"मोना, तुले येड लागलं का? हातची मेघा सोडून राहिली!" गुरुजी ओरडले. मीही मनात ओरडलो. मेघा नाकाडोंगरीकडे गेली आणि त्या दोन नंबरांवर मोनानं मागं राखायला उंच गुड्डी आणि कधीच न दमणारी अंजू घेतली.

शेवटचा सामना नाकाडोंगरीशीच पडला. हरेल तो शेवटचा! आम्ही एका गुणानं पुढे होतो, शिट्टी वाजायला काही क्षण उरले होते. मेघानं पळत येऊन मला अशी लाथ हाणली की मी म्हटलं, संपला आमचा संघ! पण अंजू तिच्या अंगाला अंग लावून पळत होती, त्यामुळं माझी उडी जराशी उणी पडली. गोलाच्या तोंडाशी गुड्डी उंच झेपावली.

"धर, पोरी, सोडू नको!" आनंदाबाई ओरडली.

गुड्डीनं मला छातीशी गच्च धरलं. शिट्टी वाजली. जिंकलो, मित्रांनो, जिंकलो! गुरुजी तर लहान मुलासारखे नाचले.

त्या झटापटीत माझी शिवण उसवली. नवे दोन चेंडू आले आणि मी खोलीच्या कोपऱ्यात पडलो. अंगावरून पाली फिरायच्या, कुणी पाहायचं नाही. फार वाईट वाटायचं. यंदा गुरुजींनी सामानाची यादी केली, तीत मी नव्हतो. मोनानं ती वाचली आणि मला उचललं.

"याले राहू द्या, गुरुजी. नवा बॉल दगडासारखा लागते. लहान पोरी यानंच शिकतीन."

माझा ऊर भरून आला, पोटात हवा नव्हती तरी!

मित्रांनो, जुन्या वस्तूची शिवण वेळेवर घाला, तिचा चिखल पुसा. आणि जरा घाई करा. सात नव्या मुली उद्या सकाळी मैदानावर पहिल्यांदा येणार आहेत, मला लाथा मारायला. पंप कुठं आहे पंप?