सात नंबरचा व्हॉल्व्ह

“अरे, पण ते पहिलं फॉल्स कशाचं?” बाईंनी विचारलं, आणि विचारता विचारताच काय झालं ते त्यांच्या लक्षात आलं.

शहराच्या पाण्याचे व्हॉल्व्ह कचेरीत बसून चालवता येतील असा प्रोग्राम बाईंनीच लिहिला होता. आज सात नंबरच्या मोठ्या पाइपात सफाई होती. बाईंचा नवरा तिथला फिटर, तो आत उतरला होता. नुकताच रुजू झालेला चष्मेवाला मुलगा कचेरीत बाईंच्या शेजारी बसला होता. व्हॉल्व्ह बंदच होता; तो तसाच राहावा म्हणून त्याने आत्ताच हुकूम धाडला होता : व्हॉल्व्ह सात, फॉल्स, ट्रू. म्हणजे नाही, हो.

“म्हणजे उघडायचा नाही आणि कुलूप लावायचं. बरोबर ना मॅडम?”

“उघडायचा का, असं नाही रे विचारलेलं तिथे! बंद करायचा का, असं विचारलंय. तू नाही म्हणालास!”

म्हणजे व्हॉल्व्ह उघडला होता आणि वर उघडाच कुलूपबंद झाला होता. ते कुलूप कचेरीतून नाही, जागेवर जाऊनच निघे. दोन शब्दांत सगळं बसवलं म्हणून बाई तेव्हा स्वतःवरच खूश झाल्या होत्या. पुढे वापरणारे लोक काही मनकवडे नसतात, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्यांनी सफाईवरच्या मुकादमाला फोन लावला. रिंग वाजत राहिली.

“माणसं बाहेर काढा! पाणी येतंय!”

पलीकडे मुकादम ओरडला, “दोर ओढा रे!” मग फोन कुठेतरी आपटला. नुसता घोंघावणारा आवाज. नवऱ्याला काही झालं तर मीच मारलं त्याला, एवढंच बाईंच्या मनात फिरत राहिलं. चष्मेवाला पांढराफटक पडला होता.

“अगं, आहे मी,” शेवटी फोनवर नवरा धापा टाकत म्हणाला. “एक बूट गेला वाहून. काय झालं होतं गं?”

बाईंना रडूच फुटलं. “माझं चुकलं,” त्या कशाबशा म्हणाल्या.

“चूक माझी होती, मॅडम,” फोन ठेवल्यावर चष्मेवाला पुटपुटला.

“तुझी कसली? कोडं घालून ठेवलं मी. सरक जरा.”

त्यांनी ट्रू-फॉल्स खोडलं. त्या जागी निवडायला शब्द लिहिले : ‘उघडा’, ‘बंद’. मग त्यांनी खाली तिसरा पर्याय लिहिला : ‘आत माणूस आहे’. तो निवडला की व्हॉल्व्ह कुणाच्याच हुकमाने हलणार नव्हता. इतकी वर्षं त्यांच्या प्रोग्रामात आतल्या माणसाला जागाच नव्हती.