बसून करायची अंघोळ

"बाई, भिजाल!" व्यवस्थापक दारातून ओरडला, पण तोवर उशीर झाला होता.

भिंतीला लावलेल्या घडीच्या बाकड्यावर ती कामाच्या कपड्यांनिशी बसली होती, पायांत जीवच नसल्यासारखे दोन्ही पाय सोडून. बसल्या जागेवरून हात लांबवून तिने नळाचा दांडा फिरवला आणि गार पाण्याचा फवारा थेट मांडीवर आला. ती दचकली, पण उठली नाही. काही झालं तरी उठायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं होतं.

"सापडलं!" ती म्हणाली.

"काय सापडलं?"

"गरम पाणी येईपर्यंत गार पाणी कुणाच्या अंगावर पडतं ते. उभा माणूस बाजूला सरकतो. बसलेल्यानं कुठं सरकायचं?"

व्यवस्थापकाने कपाळाला हात लावला. सार्वजनिक तरणतलावाची नवी इमारत तयार होती, उद्घाटन तोंडावर आलं होतं आणि चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यांसाठी बांधलेली ही न्हाणी तेवढी पास व्हायची राहिली होती.

"उंबरठा ठेवला नाही," तो म्हणाला. "खुर्ची वळायला जागा सोडलीय. धरायला दांडे आहेत. आत कुणी पडलं तर अडायला नको म्हणून दारसुद्धा बाहेर उघडतं. सगळं नियमात बसतंय ना? मग करा की सही."

"नियमात बसतंय हो. माणूस बसतोय का, ते बघायचंय."

सार्वजनिक इमारती तपासणं हे तिचं काम होतं आणि खात्यात तिची तऱ्हा सगळ्यांना माहीत होती. बाकीचे तपासनीस दर्शनी भागापासून सुरुवात करायचे, ही तडक न्हाणीघर गाठायची. नातेवाइकांच्या नव्या घरी गेली तरी दिवाणखाना बघायच्या आधी नळ फिरवून बघायची. त्यावरून घरात थट्टा व्हायची. सगळ्यात जास्त थट्टा करायची तिची ताई.

ताई शिवणकाम करायची. जिन्यावरून पडली, मणक्याला मार बसला आणि तेव्हापासून ती खुर्चीत होती. धाकटीने तिला आपल्या घरी आणलं. घरची न्हाणी अरुंद, खुर्ची दारातच अडायची. मग रोज सकाळी कामावर जायच्या आधी धाकटी तिला काखेत धरून उचलायची, आतल्या स्टुलावर बसवायची आणि अंघोळ घालायची. डोळ्यांत साबण गेला म्हणून भांडणं तिथंच व्हायची. कुणाचं कुणाशी पटत नाही, कोण कुणाला काय म्हणालं, हेही तिथंच बोलून व्हायचं. एरवी दिवसभर दोघींना एकमेकींसाठी वेळ कुठं होता?

"ताई, तुला एका ठिकाणी अंघोळ करायला यायचंय," त्या संध्याकाळी ती म्हणाली.

"का? घरचं पाणी गेलंय?"

तिने सगळं सांगितलं. ताईने शिवणयंत्राचं चाक थांबवलं.

"म्हणजे मी नमुना! मी न्हाणार आणि तुम्ही बाहेर उभं राहून शेरे मारणार."

"बघणार कुणी नाही गं. दार बंद असेल. मला फक्त कळायला हवंय."

"तुला लहानपणापासून सगळंच कळायला हवं असतं, ठकू. बाबांचं घड्याळ उघडलं होतंस. लागलं का परत?"

ठकूला हसू आलं. ताई मात्र हसली नाही. तिने सुईतला दोरा तोडला, दुसरा ओवला आणि मग म्हणाली, "येते. पण आत मी एकटी."

"एकटी कशी? पडलीस म्हणजे?"

"मग तेही कळेल तुला."

दुसऱ्या दिवशी तरणतलावावर न्हाणीचं दार लागलं आणि ठकू बाहेर उभी राहिली. शेजारी व्यवस्थापक. आधी खुर्चीचा ब्रेक लागल्याचा आवाज आला. मग बराच वेळ धापा. मग बाकडं करकरलं. पाणी सुरू झालं आणि आतून किंकाळी आली, "आई गं, गार!"

व्यवस्थापक हसला आणि लगेच ओशाळला.

मग काहीतरी आपटलं. ठकूचा हात दारावर गेला.

"ताई?"

"येऊ नकोस!"

"काय पडलं?"

"साबण. गेला पार कोपऱ्यात. जाऊ दे त्याला."

पाणी वाहत राहिलं. थांबलं. पुन्हा सुरू झालं.

"आता काय?" व्यवस्थापकाने हळूच विचारलं.

"काय की," ठकू म्हणाली. तिला खरंच ठाऊक नव्हतं. रोज अंघोळ घालणाऱ्या तिला बहीण आत काय करत असेल, याचा अंदाज येत नव्हता.

ताई बाहेर आली तेव्हा केसांतून पाणी गळत होतं, झग्याची बटणं एक सोडून एक लागली होती आणि चेहरा लालबुंद झाला होता.

"बाकडं गुळगुळीत आहे, साबणाचं पाणी पडलं की घसरायला होतं," तिने सुरुवात केली. "साबण ठेवायला हाताशी जागा नाही. टॉवेलची खुंटी कुणासाठी लावलीय, उंटासाठी? आणि ते गार पाणी आधी भिंतीकडे वळवा."

"आणि दांडे?" व्यवस्थापकाने विचारलं. आता त्यालाही उत्सुकता वाटू लागली होती.

"झकास. त्यांच्याच आधारानं तर बाकड्यावर सरकले." तिने केस पिळले. "पाणी किती वेळ घ्यायचं, ते आज माझं मी ठरवलं. दोनदा घेतलं."

ठकू ताईची खुर्ची ढकलत घरी निघाली. शेवटी तिच्याने राहवेना. "मी काय हात आखडून पाणी घालत होते का?"

"तसं नाही गं. तुला कामावर जायची घाई, म्हणून मी पुरे म्हणायचे. तुला वाटायचं, मला पुरलं."

व्यवस्थापकाने कुरकुरत का होईना, सगळं बदलून घेतलं. ठकूला बोलवायच्या आधी तो स्वतःच कपड्यांनिशी त्या बाकड्यावर बसून पाहून आला होता. तिने सही केली. उद्घाटनाच्या दिवशी भाषणं चालू असताना ताईने ती न्हाणी पुन्हा एकदा वापरून घेतली.

मग घरची न्हाणी दुरुस्तीला काढली. ही कल्पना ठकूचीच. न्हाणी आणि अडगळीची खोली यांच्यामधली भिंत पाडली, उंबरठा काढला, दार बाहेर उघडेल असं फिरवलं. दांडे तिने स्वतः निवडले, दुकानात एकेकाला लोंबकळून पाहिलं. दुकानदार बघतच राहिला. घरात आठवडाभर धूळ होती आणि त्या धुळीत ताई यंत्रावर बसून गाणं गुणगुणत होती.

काम पुरं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी ठकूला नेहमीच्या वेळी जाग आली. तिने डोळे चोळले, केस वर बांधले, दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि ती ताईला उचलायला तिच्या खोलीत गेली. बिछाना रिकामा होता. चादरीची नीट घडी घातलेली होती. न्हाणीचं दार बंद होतं आणि आत पाणी चालू होतं.

"ताई, काही हवंय का?" तिने विचारलं.

"काही नको. सगळं हाताशी आहे."

ठकू तिथंच थोडा वेळ उभी राहिली. पाणी थांबलं, पुन्हा सुरू झालं. मग तिने एकेक बाही खाली सोडली आणि मनगटाशी बटण लावलं.