नागम्माची झोळी

बोर्डिंगच्या कणगीत वाकून हात घातला की तो पार खांद्यापर्यंत आत जायचा आणि तळाला सारवलेलं शेण बोटांना लागायचं. उमाबाईनं हात बाहेर काढला, पदराला पुसला आणि त्या दिवसापासून आपली भाकरी अर्धीच थापायची असं मनाशी ठरवून टाकलं. पोरांच्या भाकरीला मात्र हात लावायचा नाही.

तेलाच्या घाण्यामागची पत्र्याची लांबट जागा, तेच गावचं बोर्डिंग. आसपासच्या खेड्यांतली वीसेक पोरं तिथं राहत. दिवसा सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, उर्दूतून हिशेब आणि इतिहास घोकायचा, दिवेलागणीला सिद्धलिंग मास्तरांपुढं मांडी घालून मराठी गिरवायची. शुक्रवारी सुट्टी, म्हणून शुक्रवारी आडावर धुणं. पहाटे दोघादोघांनी जात्याला बसायचं, आणि ज्याचं पीठ जाडं निघेल त्याला बाकीचे दिवसभर चिडवायचे. लिंगायतांची पोरं पूजा आटोपूनच जेवायला सुरुवात करत. मराठ्यांची पोरं तोवर गप राहत. तसं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण शेजारचा डोळे मिटून बसलेला असताना भाकरी मोडायला हात धजत नाही. जेवण झालं की ताटात पाणी घालून, ते खळबळून पिऊन टाकायची रीत मात्र सगळ्यांनीच उचलली होती. उमाबाई म्हणायची, ह्यांची ताटं घासायला मला राखच लागत नाही.

उमाबाई मास्तरांची बायको, आणि स्वयंपाकही तिच्याकडंच. चुलीपासून जरा लांब बाजेवर तिची नागम्मा पालथी पडून काही ना काही चावत असायची. दात येत होते. हातात लाटणं आलं तर लाटणं, आईचा पदर आला तर पदर.

हा सगळा गाडा चालायचा मुठीवर. गावातल्या बायका रोज दळायला बसण्याआधी एक मूठ जोंधळा बोर्डिंगसाठी गाडग्यात टाकत. सोमवारी मास्तर खांद्याला झोळी अडकवून, हातात घंटी घेऊन दारोदार जात आणि ‘कोरान्न भिक्षा’ अशी हाक देत. मग ते गाडगं झोळीत रितं व्हायचं. मूठ जंगमाच्या, म्हणजे लिंगायतांच्या गुरूच्या, नावची, तेव्हा ती जंगमाच्याच झोळीत पडायची. दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची नाही, नि आपल्या कणगीत परत तर ओतायचीच नाही. आणि गावात जंगमाचं घर एवढं एकच होतं.

त्या घरातल्या मास्तरांना हिवतापानं धरलं. येडशीहून आणलेल्या कडू गोळ्या झाल्या, काढे झाले. एक दिवस बरं वाटायचं, दुसऱ्या दिवशी चार गोधड्या घालूनही बाज हलायची. सोमवारामागून सोमवार गेले. झोळी खुंटीवरच होती.

शेवटी कल्याणप्पा आले. गावचे आडते आणि पंच. बोर्डिंगची जागा त्यांनीच दिलेली, मनानं वाईट माणूस नव्हे. उंबऱ्याशी बसून त्यांनी सांगितलं, की लढाईचे दिवस आहेत, सरकारी लेव्हीनं घराघरातला दाणा नेलाय, मास्तरांची ही अशी गत. मंगळवारी पोरांना घरी लावून द्यावं, सुगी झाली की बघू. उमाबाईनं दाराआडून विचारलं, की गडी पाठवून ती गाडगी गोळा करता येणार नाहीत का. कल्याणप्पांनी कानाला हात लावले. जंगमाची मूठ गड्याच्या पोत्यात कोण घालेल?

सुगी झाली की बघू, म्हणजे काय हे उमाबाईला चांगलं ठाऊक होतं. मागल्या साली कोंडीराम म्हणून एक पोरगा बहिणीच्या लग्नाला चार दिवस म्हणून गेला. पुढं बाजारात भेटला तेव्हा कडब्याची गाडी हाकत होता. खाली उतरला, पाया पडला आणि म्हणाला, "बाई, येसराची आमटी अजून तशीच करता का वो?" एवढंच. एकदा हातात कासरा आला की पाटी सुटते, ती सुटतेच. इथं तर एका कोंडीरामाचे वीस होणार होते.

रविवारी आडावर तिनं लक्ष्मम्माजवळ विषय काढून पाहिला. लक्ष्मम्मा कल्याणप्पांची आई. तिचा शब्द गावातल्या बायका खाली पडू देत नसत. मीच झोळी घेऊन आले तर चालंल का, असं उमाबाईनं विचारलं. लक्ष्मम्मानं घागर काठावर टेकवली.

"बाईच्या खांद्याला झोळी? मग बाप्यांनी काय चूल फुकायची?"

सगळ्या हसल्या. उमाबाईही हसली, कारण न हसून सांगते कुणाला. पण घरी येऊन नागम्माला न्हाऊ घालताना तिचा हात मधेच थांबला. तान्हीच्या छातीशी दोऱ्यात बांधलेलं लिंग पाण्यानं चमकत होतं. जंगमाच्या घरची पोर, जन्मली त्याच आठवड्यात ते बांधलेलं. उमाबाईनं एक तांब्या ओतला, दुसरा ओतला, आणि अंग पुसायच्या आधीच तिचं ठरलं.

मास्तरांना सांगितलं तर ते गोधडीतून म्हणाले, लोक हसतील.

"हसू द्या की. उपाशी पोरांपरीस हसणारी मानसं बरी."

सोमवारी तिनं नागम्माच्या कपाळाला भस्म ओढलं. झोळी दोनदा दुमडून तिच्या खांद्यावरून बांधली, मुठीत घंटी दिली, लेकीला कडेवर घेतलं आणि दोन मोठ्या पोरांना रिकामं पोतं घेऊन मागं यायला सांगितलं. आधी सोपी घरं करावीत असं पोरांचं म्हणणं पडलं. उमाबाई सरळ कल्याणप्पांच्या दारात गेली. मोठ्या घरानं घातलं तर धाकटी घरं विचारत नाहीत, आणि मोठ्या घरानं नाही म्हटलं तर धाकट्यांकडं जाऊन उपयोग नाही.

कल्याणप्पा ओट्यावर पान लावत बसले होते. त्यांनी झोळी बघितली, मग पोर बघितली.

"हे काय मांडलंय, उमाबाई?"

"जंगम आलाय दारात. म्या नुसती उचलून आणलीय."

ओट्यावरचा कुणीतरी फसकन हसला. पायवाटेवरची माणसं थांबली. कल्याणप्पांनी चुना लावायचा थांबवून समजुतीच्या सुरात सांगितलं, की भिक्षेची हाक द्यावी लागते, हे तान्हं कसली हाक देणार. नागम्मानं तेवढ्यात घंटी तोंडात घातली.

"भूक लागली की गाव गोळा करती. ऐकायची का?"

आता हसू मोठं झालं, आणि ते उमाबाईच्या बाजूचं होतं. पण कल्याणप्पा हसले नाहीत. पोरगा असता तर एक वेळ गोष्ट वेगळी होती, असं ते हळूच बोलले.

उमाबाईचे कान तापले. आवाज मात्र तिनं चढू दिला नाही. "अप्पा, हिच्या गळ्यात लिंग बांधलं तवा मांडीवर कुनी घेतलं हुतं, ते घरात इचारा. तवा पोरगा का पोरगी, म्हून दोरा लहान-मोठा केला न्हाय कुनी."

मांडीवर लक्ष्मम्मानं घेतलं होतं. ती दाराशी येऊन कधीची ऐकत उभी होती. ती वळून आत गेली. इतका वेळ लागला की उमाबाईला वाटलं, संपलं. मग म्हातारी बाहेर आली ती एक गाडगं कडेवर घेऊन नि दुसरं सुनेच्या हाती देऊन. एक भरून दुसरं निम्म्यावर आलेलं. लेव्हीच्या दिवसांतही त्या घरात मूठ एक दिवस चुकली नव्हती. कुणी न्यायलाच आलं नव्हतं.

लक्ष्मम्मानं नागम्माच्या इवल्या पावलांवर कपाळ टेकवलं, शरणार्थ म्हटलं आणि जोंधळा झोळीत ओतला. मान न वळवता लेकाला म्हणाली, "कल्याण, पान मागनं खा. जंगम उभा हाय."

कल्याणप्पा उठले आणि खाली वाकले. नागम्मानं त्यांच्या पटक्याचा शेव धरला, तो सोडवायला उमाबाईला बराच वेळ लागला.

त्यापुढं दारं उघडत गेली. झोळी भरली की पोरं ती पोत्यात रिती करायची आणि पुन्हा पोरीच्या गळ्यात. कुठल्या घरी गाडगं, कुठं डेरा, कुठं नुसती फडक्याची पुरचुंडी. पण ऊन चढलं तशी नागम्मा कावली. खालच्या आळीच्या तोंडाशी तिनं घंटी भिरकावली, झोळीचा बंद ओढला आणि असा टाहो फोडला की कुत्री उठून बसली. उमाबाईनं आडोसा बघून तिला पाजलं. पोर पिता पिताच झोपी गेली, मान लुळी पडली, झोळी गळ्यातून घसरून मातीत आली.

बरोबरची पोरं म्हणाली, बाई, राहिलेली घरं पुढच्या सोमवारी करू. उमाबाईनं पोत्याकडं पाहिलं. अर्धं गाव अजून बाकी होतं. एवढ्या दाण्यावर पोरं पुढचा सोमवार गाठणार नव्हती, आणि मंगळवार तर उद्यावर आला होता. रुद्रम्माच्या घराचं दार समोर होतं. रुद्रम्मा नवी सून, आडावर सगळ्यात जास्त हसलेली. गाडगं हातात धरून ती वाट बघत होती. झोपलेल्या पोरीकडं बघून ती पुटपुटली, "आता गं? हिला उठवायची?"

"नको. रात्रभर दातांनी जागलीय."

उमाबाईनं लेक मोठ्या पोराच्या खांद्यावर दिली. मातीतली झोळी उचलून झटकली. मग पदर सावरला, चोळीआडचं आपलं लिंग दोऱ्यासकट वर काढून छातीवर ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं, आणि झोळी खांद्याला अडकवली.

‘कोरान्न भिक्षा,’ तिनं हाक दिली. दुसरी हाक त्याहून मोठी निघाली.

रुद्रम्मानं शेजारच्या दारात पाहिलं. तिथली बाईही तिच्याकडंच बघत होती. रुद्रम्मानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, वाकून शरणार्थ म्हटलं, आणि उमाबाईनं झोळीचं तोंड दोन्ही हातांनी उघडं धरलं. जोंधळा सरसरत खाली गेला.

खालच्या आळीत मग हाक आधी पोचत गेली, आणि तिच्यामागून उमाबाई.