तिनाने गुणताना

माझा नवरा सकाळी उठला तो एक तृतीयांश होऊनच. छातीखाली आडवी रेघ आणि रेघेखाली तीनचा आकडा. दाढी मात्र रोजच्याइतकीच वाढलेली.

"अगं, आज चहा कमी दे," तो म्हणाला.

हॉलच्या फरशीवर बरोबरचं चिन्ह उमटलं होतं. पलीकडे तो आणि सासूबाई, दोघांमध्ये अधिकचं चिन्ह. अलीकडे मी एकटी.

"शालन, नववीच्या पोरांना शिकवतेस ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग कर त्याला पूर्ण. रेघ वाळली तर जन्मभर असाच राहील."

सोपं होतं हो! तिनाने गुणलं की छेद गेला. पण गुणायचं तर सगळ्यांना, एकालाही वगळायचं नाही. वर्गात मी हे घसा कोरडा पडेपर्यंत सांगते.

खडू घेऊन आधी स्वतःला गुणलं. तीन झाले. एक कुकर लावायला गेली, दुसरी पेपर तपासायला बसली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मग नवऱ्याला गुणलं. त्याची रेघ गळून पडली.

राहिल्या सासूबाई. बांगड्या भरायला बसावं तसा हात पुढे करून बसल्या होत्या. एका घरात तीन सासूबाई? मी खडू खाली ठेवला.

"माझं?" त्यांनी विचारलं.

"तुमचं लागत नाही, आई."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटं बोलले, तेही गणितात.

मग त्यांना हाताला धरून अलीकडे आणलं. बाजू बदलली तशा त्या उणे झाल्या, जरा वाकल्या. पलीकडे तो एकटा उरला. उत्तर आलं.

तो वळला. नाक माझं, डोळे माझे, आवाजही माझाच. "झालं का गं?" तो म्हणाला.

सासूबाईंनी त्याची हनुवटी चाचपली.

"हा माझा दिगू नव्हे."

"उत्तर हेच आलंय, आई."

"मग ताळा करून दाखव."

ताळा करायचा म्हणजे त्याला पुन्हा तिनाने कापायचं. माझा हात उचलेना. कुकर लावणारी बाहेर आली, पेपर तपासणारीही उठली. सासूबाई एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"मला कुणी वगळलं गं?"

शेवटी तोच पुढे झाला, मान खाली घातली आणि माझ्या आवाजात म्हणाला, "मी, आई."