बाजूचे आवाज

वन्सं गेल्या आणि घरात भांडायला कोणी उरलं नाही. मुलगा-सून गुणाचे आहेत, पण मी काचेचं भांडं असल्यासारखे जपून बोलतात.

मग आठवलं, विद्यापीठाच्या ग्रंथालयात आम्ही दोघी आहोत की! तिथे बायकांच्या इतिहासाचा विभाग आहे. इस्पितळाच्या धुलाईघरात वन्संनी आणि मी जन्मभर चादरी उकळल्या. हातमोजे मिळावेत म्हणून वन्संनीच बायकांचा संप घडवला. त्याची हकिगत रेकॉर्ड करायला विभागातल्या बाई आमच्या स्वयंपाकघरात आल्या होत्या. वन्सं सांगत होत्या आणि मी भांडी घासता घासता मधे तोंड घालत होते. दुपारभर जुंपली होती आमची. ते भांडण एकदा ऐकायचं होतं.

बाईंनी मला ओळखलं. खुर्ची दिली, कानांवर हेडफोन चढवला.

वन्संचा आवाज आला, खोकल्यासकट. "साहेब म्हणाला, कामाला लागा नाहीतर घरी बसा. आम्ही बसलो. घरी नाही, त्याच्या दारात!"

आता इथे मी बोलणार होते. कसल्या बसताय, गुडघा धरून उभ्या होतात तुम्ही.

काहीच आलं नाही. मग वन्सं एकदम कडाडल्या, "गप गं, वहिनी! गुडघा नंतर धरला."

पुढेही तेच. मधेच गप्प व्हायच्या आणि कोणीच काही बोललेलं नसताना फटकारायच्या. ऐकणाऱ्याला वाटावं, म्हातारी भ्रमिष्ट आहे. मी हेडफोन काढला.

"बाई, मी कुठाय यात?"

त्या ओशाळल्या. "आजी, नळाचा, भांड्यांचा, बाजूचे सगळे आवाज काढून रेकॉर्डिंग साफ केलं. त्यात तुमचाही गेला."

"चादरीवरचा डाग काढावा तशी काढलीत की मला! आधीचं असेल ना?"

"नाही हो. तेव्हा जागा कमी होती, ठेवलं नाही." मग म्हणाल्या, "तुमची वेगळी मुलाखत घेऊ या ना. शांत खोलीत."

"समोर कोण बसणार?"

"मी बसेन."

"तुम्ही मला आजी म्हणता. तुमच्याशी भांडू कशी?"

मी हेडफोन परत चढवला. उरलेलं तरी ऐकावं.

शेवटी शेवटी वन्सं थबकल्या आणि खोखो हसत सुटल्या. इतक्या, की ठसका लागला. मी काय म्हटलं होतं तेव्हा? मेंदू पिळून काढला, आठवेना. ते आता कुणालाच ठाऊक नाही.

बाईंकडून तेवढाच तुकडा पुन्हा लावून घेतला. रिकामी जागा आली तसं हळूच म्हटलं, "साहेबाची विजार आपणच धुवायचो, वन्सं." त्या खोखो हसल्या.

पुन्हा लावायला सांगितला. या वेळी म्हटलं, "वन्सं, मला एकटीला करमत नाही."

त्या तशाच हसल्या, ठसका लागेपर्यंत.