रंग वाळेपर्यंत

मी एक किल्ली बोलतेय. कोणत्या कुलपाची, ते मात्र विचारू नका, कारण ज्या कुलपाची होते ते आता दारावर नाही. एका परक्या खोलीत, एका म्हाताऱ्या माणसाच्या उशीखाली मी पडून असते. निरुपयोगी म्हणून मला कोणी फेकून दिलं असतं तर एक वेळ बरं झालं असतं. पण इथे माझा जो मान आहे, तो मला सोसवत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. एक पितळी कुलूप, मी आणि माझी जुळी बहीण, असे तिघं एका पुठ्ठ्याच्या खोक्यात आलो. दुकानातून आम्हाला ज्यांनी आणलं ते घराचे मालक, प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालेले, उंच आणि किंचित पोक आलेले. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या ते भाड्याने देणार होते. भाडेकरू आले आणि मालकांनी आम्हा दोघी बहिणींना त्यांच्या हातावर ठेवलं. त्याला अकरा वर्षं झाली.

भाडेकरू म्हणजे टायपिस्टबाई आणि त्यांचे यजमान. बाई कोर्टाबाहेर वकिलांच्या रांगेत टेबल मांडून बसायच्या. करारनामे, नोटिसा, प्रतिज्ञापत्रं, सगळं त्यांच्या मशीनमधून निघायचं. हात असा चालायचा की वकिलाने अर्धं वाक्य सांगितलं की उरलेलं अर्धं बोटं आपली आपणच पुरं करायची. तेच ते शब्द चाळीस वर्षं बडवल्यावर दुसरं काय होणार? वकील त्यांच्यावर खूश असत. घाईचं काम असलं की त्यांच्याकडेच येत.

यजमान रेडिओ दुरुस्त करायचे. चौथ्या वर्षी साखरेच्या आजाराने त्यांची दृष्टी गेली. पहिले सहा महिने माणूस भिंतीकडे तोंड करून निजून होता. मग एक दिवस उठले आणि घर मोजायला लागले. पलंगापासून मोरीपर्यंत नऊ पावलं. मोरीपासून ओट्यापर्यंत चार. खिडकीची कडी खांद्याच्या उंचीवर, माठ डाव्या हाताला. वर्षभरात ते स्वतःचा चहा स्वतः करायला लागले, आणि एक थेंब बाहेर सांडला नाही की आल्यागेल्याला ऐकवायला लागले. बाहेर ते आंधळे होते. त्या दोन खोल्यांत नव्हते.

माझ्या कानाजवळची खाच त्यांनीच घातली. जुन्या हत्यारांतली बारीक कानस काढली, मला चिमटीत धरलं आणि हळूहळू घासलं. मला दुखलं, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवसापासून मी त्यांची झाले. अंगठा खाचेवर टेकला की त्यांना कळायचं, ही आपली. बहीण बाईंच्या पर्समध्ये राहायची आणि मी यजमानांच्या सदऱ्याच्या खिशात. माणसं किल्ली हातात धरून तीच घरभर शोधतात, हा अनुभव माझ्या जातीतल्या सगळ्यांनाच आहे. हे डोळे गेलेले गृहस्थ मात्र मला एकदाही विसरले नाहीत.

करार एकेका वर्षाचा असे. तो संपायच्या दिवशी बाई नवा कागद टाईप करून ठेवायच्या, मालक वर यायचे आणि मग त्या तिघांचा एक ठरलेला खेळ व्हायचा. यजमान उभे राहून मला मालकांच्या तळव्यावर ठेवायचे आणि चेहरा गंभीर करून म्हणायचे, "मुदत संपली. घ्या तुमची किल्ली." मालक मूठ मिटायचे. कपभर चहा होईपर्यंत ती उघडायचे नाहीत. चहा संपला की सही करायची, मूठ उघडायची आणि म्हणायचं, "धरा. वर्षभर सांभाळा." मग तिघंही हसायचे. पहिल्या वर्षी कोणाला तरी गंमत सुचली असेल, पुढे ती अंगवळणी पडली. दहा वर्षं मी त्या मुठीत गेले आणि दहा वर्षं परत आले. अकराव्या वर्षी मुदत संपायच्या महिनाभर आधी मालक वारले.

त्यांचा मुलगा दुसऱ्या गावी असे. तो आला, पण कराराचं बोलला नाही. तारीख उलटली. यजमानांच्या जिवाला घोर लागला, बाई मात्र निवांत होत्या. त्यांनी नवऱ्याला समजावलं की कागदाची मुदत संपली म्हणून डोक्यावरचं छप्पर संपत नाही. मालकाला जागा हवी असेल तर त्याने कोर्टात जावं, आपलंही म्हणणं ऐकलं जाईल, हुकूम झाला तर बघू. हुकमाशिवाय हात धरून कोणी कोणाला बाहेर काढू शकत नाही. असले अर्ज त्यांनी पोत्याने टाईप केले होते. त्यांचं एक अक्षरही चुकीचं नव्हतं, हे मला मुद्दाम सांगायचंय.

पंधरा दिवसांनी, एका दुपारी, मुलगा वर आला. वडील बसायचे त्याच खुर्चीवर बसला. आवाजही वडिलांसारखाच. यजमानांना इतका आनंद झाला की ते धडपडत उठले आणि मला त्याच्या हातावर ठेवून म्हणाले, "मुदत संपली. घ्या तुमची किल्ली."

मुलगा क्षणभर गोंधळला. मग त्याने मूठ मिटली.

"बाबांसारखंच करू, काकू," तो म्हणाला. "फक्त किल्ली मिळाल्याची दोन ओळींची पोच द्या. नव्या कराराला जोडता येईल."

बाईंनी कागद चढवला. एकीकडे त्या चहात साखर किती, ते विचारत होत्या. किल्ली आज मालकांच्या मुलाला दिली, इथपर्यंत त्यांनी टाईप केलं. थांबायला तिथेच हवं होतं. पण चाळीस वर्षांच्या सवयीची बोटं, ती कसली थांबतात? ती पुढे धावली: 'आणि जागेचा रिकामा व शांततामय ताबा स्वखुशीने दिला असे.' प्रत्येक पोचपावतीचं शेपूट तेच असतं. बाईंनी न वाचताच सही केली. लोकांचे कागद त्या तीनदा वाचायच्या. हा घरचा होता.

मुलाने तो वाचला. मग पुन्हा वाचला. एवढ्याची त्यालाही आशा नसावी, कारण मला धरलेली त्याची मूठ ओली झाली. अर्धा चहा तसाच ठेवून तो उठला. करार पुढच्या आठवड्यात आणतो म्हणाला, खोल्यांना रंगही काढू म्हणाला. यजमानांनी हात पुढे करून विचारलं, "किल्ली?"

"एक आहे ना तुमच्याकडे," तो म्हणाला आणि मला घेऊन जिना उतरला.

दर मंगळवारी बाई यजमानांना पायाच्या जखमेचं ड्रेसिंग करायला दवाखान्यात न्यायच्या. सगळ्या इमारतीला ते ठाऊक होतं. त्या मंगळवारी मुलगा कुलूपवाल्याला आणि दोन हमालांना घेऊन आला. दार मीच उघडलं. दुसरं कोण उघडणार? अडून बसावं असं फार वाटलं, पण दर महिन्याला यजमान कुलपात तेल सोडायचे, मी लोण्यासारखी फिरले. त्या क्षणाची मला आजही लाज वाटते.

कुलूपवाल्याने माझं कुलूप उपटून पिशवीत टाकलं आणि नवं बसवलं. हमालांनी सामान बाहेर मांडलं. पलंग, माठ, डबे, रेडिओची हत्यारं. गादीवर बाईंचं मशीन ठेवलं, त्यात अर्धा टाईप केलेला कोणाचा तरी अर्ज तसाच अडकलेला होता.

यजमानांना जिना चढायला वेळ लागे, म्हणून बाईंनी त्यांना खाली औषधाच्या दुकानाच्या बाकावर बसवलं आणि त्या दार उघडायला पुढे आल्या. सामान दिसलं तरी त्यांनी आधी माझ्या बहिणीला नव्या कुलपाला लावून पाहिलं. दोनदा, तीनदा. मग त्या वळल्या. मुलगा तिथेच उभा होता.

"ताबा तुम्हीच दिलाय, काकू," तो म्हणाला. "कागद आहे माझ्याकडे."

भिंतीला धरून बाई एकेक पायरी उतरल्या. मागोमाग मुलगाही उतरला, म्हणून मी पुढचं ऐकलं. बाकावरून यजमानांनी विचारलं की इतका वेळ का लागला. बाई म्हणाल्या, "रंगारी आलेत. चार दिवस माझ्या बहिणीकडे राहू." इतक्या वर्षांत त्यांना खोटं बोलताना मी प्रथमच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात बाई आल्या, ज्यांच्या शेजारी त्यांचं टेबल असे ते वकीलसाहेब आले, आणि मुलाच्या खिशातून मी. अधिकारी सरळ माणूस होता. मुदत संपली तरी हुकमाशिवाय कुलूप बदलता येत नाही, असं त्याने मुलाला खडसावलं. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मुलाने घडी उलगडून तो कागद टेबलावर ठेवला.

वकीलसाहेबांनी तो वाचला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. "बाई, हे कोणी टाईप केलं?"

"मी."

मग अधिकाऱ्याने कागद परत सरकवला आणि हे आता कोर्टातच मांडा म्हणाला. वकीलसाहेब अर्ज करणार म्हणाले. करार नवा होईल या समजुतीने दिलेली किल्ली म्हणजे ताबा नव्हे, असं भांडून बघू, पण सही आहे, वेळ लागेल. निघताना मुलाने मला टेबलावर टाकलं. "ही घ्या. माझ्या काही उपयोगाची नाही आता."

बाईंनी मला उचललं. मला वाटलं, वाटेत कुठेतरी टाकून देतील. त्यांनी ते करायला हवं होतं.

बाईंच्या बहिणीच्या घरी मागची अडगळीची खोली त्यांना मिळाली आहे. यजमानांनी इथे पावलं मोजली नाहीत. चार दिवसांसाठी कशाला मोजायची, म्हणतात. कपाळावर एक टेंगूळ आहे, नडगीवर दोन. मोरीपर्यंत जायलाही बाईंचा हात धरावा लागतो. चहा आता बाई करतात. ठाण्यातून आलो त्या संध्याकाळी बाईंच्या पर्समध्ये गोळ्या चाचपताना यजमानांच्या बोटांना मी लागले. अंगठा खाचेवर टेकला आणि त्यांचा चेहरा असा फुलला की बाईंनी तोंड फिरवलं.

"दिली ना त्याने परत?" ते म्हणाले. "मी म्हणत नव्हतो? शेवटी बापाचाच मुलगा तो. मग कधी जायचं?"

बाईंनी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली. मग म्हणाल्या, "रंग वाळू दे."

बाबांनो, मी साधी किल्ली, मला कायदा कळत नाही. पण अकरा वर्षं करारनामे टाईप करणाऱ्या बाईंच्या घरात काढली, म्हणून सांगते. कराराची तारीख उलटली म्हणून घाबरून दार सोडू नका. आणि किल्ली कोणाच्या हातावर ठेवाल तेव्हा हात कोणाचा आहे ते बघा, सोबतचा कागद शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. तो तुम्ही स्वतः लिहिला असला तर दोनदा वाचा.

कोर्टाची तिसरी तारीख परवा पडली. बाई पुन्हा टेबल मांडून बसतात, पण आता एकेका अक्षराशी अडखळतात, म्हणून घाईची कामं दुसरीकडे जातात. यजमान रोज सकाळी मला उशीखालून काढतात, सदऱ्याने पुसतात आणि खाच चाचपून विचारतात. आजही विचारलं.

बाई म्हणाल्या, "हवा दमट आहे हो. अजून ओलाच आहे."

त्यांनी मान हलवली, बाटली चाचपून काढली आणि मला गंज चढू नये म्हणून एक थेंब तेल लावलं.